पाटीवरचा हात

१२ ऑक्टोबर

प्रिय मामा,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते, खुशाली नंतर.

तू विचारलं होतंस की 'दलाल' हा शब्द मुळातच वाईट आहे का. तू लोकांना भाड्याच्या खोल्या दाखवतोस म्हणून तुझ्या धाकटीला वर्गातल्या मुली 'दलालाची पोर' म्हणून चिडवतात, ती घरी येऊन दप्तर आपटते, आणि तुला तिला काय सांगावं कळेना. घरात शिकलेली म्हणून मी एकटी, तेव्हा तू मला विचारलंस. आणि मी मोठ्या ऐटीत लिहिलं की हा शब्द 'दळणे'वरून आला, जात्याच्या दोन दगडांमध्ये दाणे भरडावेत तसा दोन माणसांच्या मध्ये बसून दोघांनाही भरडतो तो दलाल. मामा, हे साफ चूक आहे.

चूक कशी झाली तेही सांगते. आमच्या छापखान्यात शाळेतल्या मुलांसाठी शब्दांच्या गोष्टींचं एक पुस्तक आलंय. त्याची प्रुफं मी वाचते. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात त्यात नेमका हा शब्द निघाला. मला वाटलं, आयतं उत्तर चालून आलं. छापायला आलंय म्हणजे खरंच असणार, असं धरून मी ते तुला उतरवून दिलं. परवा आमचे अण्णा, म्हणजे इथले सगळ्यात जुने प्रुफं वाचणारे, माझी पानं चाळत होते. त्या ओळीवर त्यांची पेन्सिल थांबली.

"हे कुठे पाहिलंस?"

"लेखकांनी लिहिलंय."

"ते मलाही दिसतंय. तू कुठे पाहिलंस?"

मी पानाचा समास पाहिला, तिथे माझी एकही खूण नव्हती.

"काना-मात्रा बघायला मी एकटा पुरेसा होतो," अण्णा म्हणाले. "तुला घेतलं ते शंका काढायला. दिवसभर शंका काढून माझं डोकं खातेस, मग इथेच कशी डुलकी लागली?"

मी फळीवरचा मोठा कोश उतरवला, मग दुसरा. दोन्हींत एकच. शब्द अरबी आहे. ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ दाखवणे, वाट दाखवणे. तिथून फारसीत आला, फारसीतून आपल्याकडे. बाजारात घेणाऱ्याला देणाऱ्यापर्यंत नेऊन पोचवणारा तो दलाल. म्हणजे मुळात वाटाड्या, मामा! 'दळणे'चं घराणंच वेगळं. दोघांचा आवाज जरा सारखा, एवढंच नातं.

हे धाकटीला मोठ्याने वाचायला लाव. आणि माझ्या पहिल्या पत्रावर विश्वास ठेवून तू काही केलं नसशील ना, ते लगेच कळव. तोवर मला चैन पडणार नाही.

तुझी,
खारू


१९ ऑक्टोबर

चि. खारूस आशीर्वाद.

अक्षर धाकटीचं, बोलणं माझं. ती मध्ये स्वतःचं काही घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. (मी काहीही घुसडत नाही. – धाकटी)

तुझं पत्र पोचलं, पण जरा उशीर झाला. पहिलं पत्र आलं त्या दिवशी रंगारी आपल्याच गल्लीत होता, खालच्या शिंप्याची पाटी रंगवत. मी म्हटलं, आलाच आहेस तर माझ्या पाटीवरचा एक शब्द पुसून टाक. त्याने 'दलाल'वर पांढरा हात मारला. 'खोल्या, घरं, दुकानाचे गाळे' हेही जुनं झालं होतं, तेही गेलं. म्हणाला, त्या जागी आता काय लिहू? 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' लिहितो, हल्ली सगळे तेच लिहितात. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाला, सल्ला देणारा. मी म्हटलं, बाबा रे, मी जन्मात कुणाला सल्ला दिला नाही. बायकोलासुद्धा नाही. (आई म्हणतेय, ही थाप आहे, लिहू नकोस. मी लिहिलं.) मी जागा दाखवतो. घ्यायची की नाही ते ज्याचं त्याने बघावं. मग ती जागा कोरीच ठेवली. हात तेवढा राहू दिला. जिना कुठे आहे ते लोकांना कळायला नको?

तो हात आठवतो ना तुला? बोट जिन्याकडे आणि अंगठा भलत्याच बाजूला. रंगाऱ्याच्या बापाने काढलेला. तू चार-पाच वर्षांची असताना पाटीखाली उभी राहून स्वतःचा हात तसा करून बघायचीस. जमलं नाही की भोकाड पसरायचीस, माझा अंगठा चुकलाय म्हणून. पाटीचा अंगठा चुकला असेल हे तुझ्या डोक्यातच येईना. रंगवलंय म्हणजे बरोबरच! अजून तशीच आहेस.

तेव्हा जिवाला लावून घेऊ नकोस. आणि तू फार मोठी चूक केलीस असंही मला वाटत नाही. आमच्यात भरडणारे आहेतच. घरमालकाला एक सांगतात, भाडेकरूला दुसरं. त्यांच्यामुळे शब्द नासला, त्याला मी काय करू आणि तू तरी काय करणार?

बाकी माझं ठीक. थोडा बदल होतोय, तो मागाहून कळवीन. तुझी मामी विचारते, जेवणाकडे लक्ष आहे का? (ती विचारत नाहीये, ओरडतेय.)

तुझा मामा


२३ ऑक्टोबर

प्रिय मामा,

पाटी पुसल्याचं वाचलं आणि पत्र अर्ध्यावरच खाली ठेवलं. पण 'थोडा बदल होतोय' वाचून जरा धीर आला. तू खाली तळमजल्यावर गाळा घेतोयस ना? बरं करतोस. लोकांना खोल्या दाखवायला जिने चढायचेच असतात, निदान स्वतःच्या कचेरीचा तरी चढू नकोस. मग नव्या जागेवर नवी पाटी येईल आणि तिच्यावर शब्द पुन्हा लिहिता येईल. मी हे सगळं नुसत्या एका वाक्यावरून ताडलं, पण चुकले नसेन.

शब्दांच्या पुस्तकातली ती ओळ दुरुस्त झाली. लेखक स्वतः छापखान्यात आले होते. मी कोश उघडूनच बसले होते, तो त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी वाचलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "अहो, हे मला माझ्या आजोबांनी सांगितलं होतं. आजोबांना कोण विचारणार?" मग स्वतःच नवी ओळ लिहून दिली. इतका साधा माणूस. मी उगाच आठवडाभर घाबरत होते.

मामा, कोशात 'वाट दाखवणे' वाचलं तेव्हापासून आमची पहिली खोली डोळ्यांपुढून हलत नाही. बाबांना हमालीचं काम मिळालं आणि आम्ही शहरात आलो. जिथे जावं तिथे दार अर्धं उघडायचं, 'काम काय करता?' विचारायचे, की बंद. मग तू आईला घेऊन निघालास. मी तुझ्या बोटाला धरून. त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून तू आधी काय सांगितलंस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अक्का, खाली दिवसभर पत्र्याचे डबे ठोकतात. या भिंतीला ओल आहे. नळ जिन्याच्या तळाशी आहे, पाणी वर आणावं लागेल." आई म्हणाली, "अरे, मग चांगलं काय आहे ते तरी सांग." तू खिडकी उघडलीस आणि बोट केलंस. समोर शाळेचं फाटक होतं.

आई आता सांगते की त्याआधी तू तिला पुलापलीकडची खोली दाखवली होतीस. ती शांत होती, कोरडी होती, भाडंही कमी होतं. तू हीच घे म्हणाला नाहीस, ती नको म्हणाला नाहीस. दोन्ही दाखवल्यास. आई त्या खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "डबे ठोकू देत."

त्या खिडकीतून मी शाळेत गेले, मामा. मी आज लोकांच्या चुका काढून पोट भरते, ते त्या बोटामुळे.

ही इथली खोलीही चांगली आहे. व्यवस्थापकसाहेबांनी मी यायच्या आधीच बघून ठेवली होती. दाराला आतून मजबूत कडी, टेबलाशेजारी खिडकी, छापखाना पायी जाण्याइतका जवळ. मी त्यांचे लेखी आभार मानले होते, तुला सांगितलं होतं ना? उपकार कुणाचेही असोत, मानायला उशीर नको.

नव्या गाळ्याचा पत्ता कळव.

तुझी,
खारू


२७ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र बाबांना माहीत नाही. पोस्टाचं तिकीट आईने दिलं, म्हणजे तिला माहीत आहे पण माहीत नाही.

गाळा-बिळा काही नाही. तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'तू खाली गाळा घेतोयस ना' आलं तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. खरी गोष्ट अशी आहे की बाबा धंदा बंद करतायत. चुन्याच्या गोदामात राखणीचं काम धरलंय, एक डिसेंबरपासून. गोदामवाल्याला शब्द दिलाय. फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचं, कुलूप लावायचं, काढायचं. बाबा! जे घरात जेवतानासुद्धा एका जागी बसत नाहीत! आई म्हणाली, "अहो, चुन्याने खोकला होईल." तर म्हणतात, "खोकला परवडला. पोरगी मान खाली घालून शाळेत जाते, ते नाही परवडत."

मी मान खाली घालून जात नाही. दप्तर जड आहे. मी सांगितलं, पण ऐकत नाहीत. दप्तर मी आपटते ते त्या मुलींना उलटून काय म्हणावं ते सुचत नाही म्हणून. बाबांची लाज वाटते म्हणून नाही. ताई, आता मला वाटतं की मी दप्तर आपटलंच नसतं तर पाटी राहिली असती.

तुझ्या पहिल्या पत्रानंतर बाबा म्हणाले होते, "खारू तपासल्याशिवाय काही लिहीत नाही." दुसरं पत्र आल्यावर खूश झाले, पण म्हणाले, "गोड पोरगी आहे, मला बरं वाटावं म्हणून शोधून काढलंय." म्हणजे तुझं चुकलेलं त्यांना पटलं आणि बरोबर असलेलं पटलं नाही. आता बोल.

अजून एक. हे सांगू नको असं बाबांनी बजावलंय, पण तू व्यवस्थापकांचे आभार मानलेस ते वाचताना मला राहवेना. ताई, तुझी खोली छापखान्याने शोधली नाही. तुझी नोकरी पक्की झाल्याचं कळलं तेव्हा बाबा 'कामाला जातो' म्हणून दोन दिवस गेले होते, आठवतं? ते तुझ्याच शहरात आले होते. तुझ्या घरमालकीणबाईंना विचार. आणि छापखान्यात जाऊन त्यांनीच सांगितलं की खोली तुम्ही दिलीत असं सांगा. मी विचारलं, का? तर म्हणाले, "पोरीला पहिल्यांदा स्वतःच्या कामावर काहीतरी मिळतंय. त्यात मामाचं नाव कशाला?"

हे पत्र फाडून टाक. नाहीतर नको फाडूस, अक्षर बरं आलंय.

धाकटी


३१ ऑक्टोबर

प्रिय मामा,

कुणी सांगितलं ते विचारू नकोस. आणि त्या कुणाला रागावूही नकोस.

मी घरमालकीणबाईंना विचारलं. त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. तोंडातला चिमटा काढून म्हणाल्या, "तो माणूस होय! कसा विसरेन?" आणि खांद्यावर ओला टॉवेल तसाच ठेवून त्यांनी मला सगळं ऐकवलं.

तू भाडं विचारायच्या आधी खोलीत जाऊन जमिनीवर बसलास. दार लावून घेतलंस. बराच वेळ बाहेर येईनास तेव्हा त्या घाबरल्या. दार ढकललं तर तू भिंतीला कान लावून बसलेला. त्या म्हणाल्या, "काय हो, इथेच झोपायचा विचार आहे का?" तू म्हणालास, "इथे माझी भाची राहणार आहे. तिच्या कानांनी ऐकतोय." मग नळ सोडून पाहिलास, खिडकी उघडलीस, मिटलीस, पुन्हा उघडलीस. टेबल कुठल्याशा भिंतीला होतं ते स्वतः उचलून खिडकीपाशी आणलंस. आणि दाराची कडी हलवून म्हणालास, "ही बदलल्याशिवाय मी पुढचं बोलणार नाही." त्यांनी सुतार बोलावला. कडी बसेपर्यंत तू पायरीवर बसून राहिलास. शिवाय छापखान्यापासून इथवर पायी चालून आलास, एकदा मोठ्या रस्त्याने आणि एकदा बाजारातून, आणि त्यांना सांगून ठेवलंस, "तिला बाजारातून यायला सांगा, तिकडे माणसं असतात."

मामा, त्यांनी मला पहिल्याच दिवशी बाजारातून यायला सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, किती काळजी घेणाऱ्या बाई!

आणि मी व्यवस्थापकांना आभाराचं पत्र दिलं! स्वच्छ अक्षरात! त्यांनी ते निमूटपणे घेऊन खणात ठेवलं. काल मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "कळलं वाटतं?" खण उघडून माझं पत्र परत दिलं. "हे माझं नव्हतंच. पण तुमच्या मामांनी शपथ घातली होती. हे पाकीट दिसलं की मला चोरासारखं व्हायचं."

ते पत्र याच पाकिटात घालते आहे. वरचं नाव खोडलंय, तुझं घातलंय. मजकुरात एक अक्षर बदलावं लागलं नाही.

मला रोज त्या खिडकीतून उजेड येतो. रोज झोपताना ती कडी लावली की जीव निर्धास्त होतो. वर्षभर मी हे दुसऱ्याच्या नावावर मांडत होते. आता सांग, ज्याने हे केलं त्या माणसाच्या दारावर काय लिहायचं? मला शब्द एकच येतो, आणि तो तू माझ्यामुळे पुसलास.

तुला बरं वाटावं म्हणून मी अर्थ शोधला नाही, मामा. मला बरं वाटावं म्हणून मी काहीच शोधू शकत नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. शब्द तसाच आहे. कोशवाल्यांना तू माहीत नाहीस.

गोदामाचंही मला कळलंय. ते नको रे.

तुझी,
खारू


८ नोव्हेंबर

चि. खारूस आशीर्वाद.

कुणी सांगितलं ते विचारत नाही, कारण जिने सांगितलं तीच हे लिहितेय आणि तिचे कान लाल झालेत. (उन्हामुळे.)

तुझं आभाराचं पत्र मी धाकटीकडून वाचून घेतलं. दोनदा. मामी म्हणाली, पुरे आता, डोळे पुसा आणि भाजी आणा. पत्र आता माझ्या खिशात आहे. चुन्याच्या गोदामात नेणार नाही, खराब होईल.

तू रागावणार नसशील तर एक बोलतो. तू म्हणतेस शब्द मुळात चांगला. असेल. पण लोक शब्दाचं मूळ बघायला जात नाहीत, तो तोंडात कसा लागतो ते बघतात. कडू लागला की थुंकतात. तुझा कोश मी गल्लीतल्या प्रत्येकाला वाचून दाखवू का? आणि मी काही देवमाणूस नाही. दुसऱ्याची खोली असती तर मी दुपारभर कान लावून बसलो असतो का? (आईने विचारलं, "मग त्या पेटी वाजवणाऱ्याच्या खोलीत बसला होतात ते?" बाबा म्हणाले, ते वेगळं.)

आता घडलं ते सांगतो. परवा एक बाई जिना चढून आली. दवाखान्यात नर्स आहे, बदली होऊन आलीय, दम लागलेला. म्हणाली, खोली हवी. मी म्हटलं, मी आता हे काम करत नाही. तिने पिशवी खाली ठेवली आणि पायरीवरच बसली. असं दमून बसलेलं माणूस माझ्याने बघवत नाही. म्हटलं, चल, एक दाखवतो, शेवटची. बेकरीच्या वरची खोली दाखवली. दोष सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, हिला रात्रपाळी असणार. दिवसा झोपणाऱ्या माणसाला तिथे खालची भट्टी आणि वरचं पत्र्याचं छप्पर. म्हटलं, ही तुझी नव्हे, चल. मग शाळामास्तरणीच्या घरामागच्या खोलीकडे नेलं. तिथे दिवसभर घरात कुणी नसतं. जिना अंधारा आहे, उंदीर आहेत, ते सांगितलं. ती म्हणाली, "उंदरांना मी इंजेक्शन देईन." घेतली.

परतताना मी तिला विचारलं, "मी दलाल आहे हे तुला कळलं कसं? पाटी तर कोरी आहे." ती म्हणाली, "कोरी कुठे? बोट आहे की. बोट दाखवलंय म्हणजे वर कुणीतरी दाखवणारं असणार."

खारू, मी रस्त्यात उभाच राहिलो. तुझ्या दोन कोशांत जे होतं ते ती बाई पाटीवरून वाचून वर आली होती.

घरी येताना मी शिट्टी वाजवत होतो म्हणे. मला माहीत नाही. तुझी मामी म्हणाली, "गोदामात शिट्टी वाजवायची परवानगी आहे का ते विचारून ठेवा."

पण शब्द दिलाय, पोरी. गोदामवाला भला माणूस आहे, त्याने दुसऱ्या कुणाला घेतलं नाही माझ्यासाठी. शब्द मोडणारा दलाल, मग भरडणारा आणि मी एकच झालो की. एक तारीख जवळ आली. तू एवढी शिकलीस, यातून वाट दिसत असेल तर दाखव. मला दिसत नाही.

तुझा मामा

(ताई, मी वर्गात सांगितलं की दलाल म्हणजे वाट दाखवणारा. ती लांब वेणीवाली म्हणाली, "मग तुझ्या बाबांना सांग मला गणिताच्या तासातून बाहेरची वाट दाखवायला." सगळ्या हसल्या. मीही हसले. आता ती माझ्याशेजारी बसते. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, दप्तर दाखव, खरंच जड आहे का. उचलून बघितलं. मग हळूच खाली ठेवलं. – धाकटी)


१२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं सगळं खरं आहे. मूळ चांगलं म्हणून शब्द चांगला होत नाही. भरडणारे आहेत, ते त्याच शब्दाखाली दुकान मांडतात, आणि कोश त्यांना काही करू शकत नाही. मी चार दिवस यावर डोकं शिणवलं. शेवटी एवढंच उरलं की दाखवणारे एकेक करून पाट्या पुसत गेले, तर तो शब्द राहील तो फक्त भरडणाऱ्यांच्याच दारावर. मग धाकटीच्या वर्गातल्या मुलींचंच बरोबर ठरेल. मला गल्लीतल्या प्रत्येकाला पटवायचं नाही. आपल्या जिन्याखाली तो शब्द असावा एवढंच हवंय.

गोदामाचं. दिलेला शब्द मोडू नकोस. मी मोड म्हणणारच नाही, माझ्याच्याने म्हणवणार नाही. पण दिलेला शब्द परत मागता येतो, समोर उभं राहून, कारण सांगून. तो नाही म्हणाला तर तू एक डिसेंबरला खुर्चीवर बसशील आणि मी पुन्हा यावर अक्षर काढणार नाही. त्याला राखणदार हवाय, तुला माणसं ठाऊक आहेत. बसून करायचं काम हवं असलेला आणि चुन्याने न खोकणारा एखादा तुझ्या ओळखीत असेलच. तुझ्या भाडेकरूंत शोध. ज्याला जागा हवी त्याला जागेपर्यंत न्यायचं, हे तर तुझंच काम. माझ्यापेक्षा तुलाच ही वाट आधी दिसायला हवी होती. पण तुझं बोट नेहमी दुसऱ्यांसाठी असतं, स्वतःसाठी तू ते कधी उचलत नाहीस.

त्याच्यासमोर तुझ्याबरोबर मी उभी राहीन. चूक माझ्या पत्राने झाली, तेव्हा निम्मं बोलणं माझं. मला घाम फुटेल, जीभ अडखळेल, तू सांभाळून घे.

रजा मिळाली. अण्णांकडे अर्ज नेला. कारणाच्या जागी मी 'पाटीची दुरुस्ती' लिहिलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आधार?"

"दोन कोश आणि एक मामा."

त्यांनी सही केली. वर म्हणाले, "अक्षरं मोठी काढ. लांबून वाचता आली पाहिजेत."

रंग काळाच घे, मामा, आणि रुंद ब्रश. रंगाऱ्याला बोलावू नकोस, शब्द मी लिहिणार. तू शिडी धर, धाकटी डबा धरेल, आणि मामीला सांग की ओळ वाकडी जाते का ते रस्त्यापलीकडून ओरडून सांगायचं काम तिचं. आधी गोदाम, मग शिडी, हा क्रम पक्का. गोदामवाला नाही म्हणाला तरी मी तो शब्द लिहून जाणार आहे. तू फाटकापाशी बसलास तरी इतकी वर्षं जे होतास ते होतासच.

हाताला मी ब्रश लावणार नाही. चुकलेला अंगठा तसाच राहू दे. आयुष्यात एवढी एक चूक मी समजून-उमजून सोडून देणार आहे.

काल छापखान्यातून येताना मी मुद्दाम मोठ्या रस्त्याने येऊन पाहिलं. तू बरोबर होतास, बाजारातलीच वाट बरी.

तुझं गोदाम मंगळवारी, एक डिसेंबरला सुरू होतं. मी सकाळच्या गाडीने येते शनिवारी, एकवीस नोव्हेंबरला.

तुझी,
खारू